मुयोराव ओकायामाकर

या, बसा. पंख्याखालची खुर्ची घ्या. आमच्या घरी बरीच वर्षं मुक्काम ठोकून असलेल्या एका जपानी पाहुण्याशी तुमची गाठ घालून द्यायची आहे. त्याचं पूर्ण नाव ‘तेंची मुयो! रियो-ओकी’. रोजच्या बोलण्यात एवढं लांबलचक नाव कोण घेणार? आम्ही त्याला मुयोराव म्हणतो. मुयोराव ही एक ॲनिमे मालिका. एक साधाभोळा मुलगा आणि त्याच्या घरी येऊन राहिलेल्या परग्रहावरच्या चार-पाच जणी, असा तिचा संसार. असल्या गोष्टींना ॲनिमेवाले ‘हारेम’ म्हणतात. शब्द ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. नावावरून माणूस ओळखू नये, आणि मुयोरावांचं तर नावच मोठं फसवं आहे.

आमचं कोन पनवेलजवळ, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. न्हावा शेवा बंदराचे कंटेनर या पट्ट्यातून दिवसरात्र जात-येत असतात. गोदामात माल उतरवणाऱ्या कुणालाही विचारा, खोक्यावरचे उभे बाण त्याला अक्षरांच्या आधी कळतात: ही बाजू वर, खोकं उलटं करू नका. जपानात हीच सूचना खोक्यावर चार अक्षरांत छापतात, ‘तेंची मुयो’. तेंची म्हणजे आकाश आणि जमीन, वर आणि खाली. मुयो म्हणजे नको. गोष्टीतल्या मुलाचं नावही तेंचीच. त्यामुळे नाव एकदा वाचलं की ‘वरखाली करू नका’ आणि पुन्हा वाचलं की ‘तेंची नको’. आत डोकावावं तर सगळ्यांना तेंचीच हवा, आणि त्यापायी अख्खं घर वरखाली झालेलं! खोक्यावर एक लिहायचं आणि आत दुसरंच भरायचं, ही मुयोरावांची पहिली खोड.

जन्म २५ सप्टेंबर १९९२चा. दूरचित्रवाणीवर नव्हे, दुकानात विकत मिळणाऱ्या चित्रफितीवर. पहिल्या खेपेला अवघे सहा भाग. मासाकी काजिशिमा आणि हिरोकी हायाशी हे दोघे जन्मदाते, आणि एआयसी ही चित्रसंस्था. पुढच्याच वर्षी आपल्याकडची पोरं रविवारी दूरदर्शनसमोर मोगलीसाठी ठाण मांडून बसू लागली. तो मोगलीही जपानी चित्रकारांच्या हातचा, पण हे कुणाच्या गावीही नव्हतं. मुयोराव म्हणजे त्या मोगलीच्या पिढीतला, जरा वाह्यात असा चुलतभाऊ समजा.

गावाचा अभिमान मात्र असा, की कोकणी माणसानंही हात जोडावेत. काजिशिमा मूळचा ओकायामा जिल्ह्यातला, आणि त्यानं सगळी गोष्ट तिथेच, डोंगरातल्या एका देवळाभोवती रचली. पात्रांची नावंसुद्धा गावाकडून उचलली. वाशू हे नाव वाशूझान डोंगरावरून, कियोने त्याच नावाच्या खेड्यावरून. मिहोशी ज्या दोन चित्राक्षरांत लिहितात, ती बिसेई गावाची. अर्थ ‘सुंदर तारा’. रात्रीचं आकाश काळंभोर राहावं म्हणून १९८९ साली दिव्यांवर नियम घालणारं हे गाव, आणि आज तिथे वेधशाळा आहे. अंतराळातून कोसळलेल्या मिहोशी या पोलीस बाईला त्याच गावाचं नाव द्यायचं, याला गावावरचं प्रेमच लागतं.

ओकायामा आपल्याला परकं नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना? पाण्यावरचे पूल, कातरलेली झुडपं, माशांची तळी? ओकायामातल्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते उभं केलं आहे. पुणे-ओकायामा मैत्रीची ती बाग. तिथे चक्कर मारलीत, की मुयोरावांच्या घराजवळचं तळं तुम्ही अर्धं पाहिलंत.

आता त्यांचं घर. सतरा वर्षांचा तेंची, घरबांधणीचे आराखडे काढणारे वडील आणि देवळाचे पुजारी असलेले आजोबा. देवळाजवळच्या गुहेत सातशे वर्षांपूर्वी एक राक्षस कोंडला आहे, अशी गावात समजूत. पोरगा कुतूहलानं गुहा उघडतो आणि राक्षसाच्या जागी बाहेर येते रियोको, अंतराळातली दरोडेखोर. तिच्या मागावर येते जुराई साम्राज्याची राजकन्या आयेका, सोबत धाकटी बहीण सासामी. दोघींच्या मारामारीत यानं मोडतात, परतीची वाट बंद होते आणि सगळ्या तेंचीच्या घरी राहतात. मग मिहोशी येते, मग वाशू. आलेलं माणूस परत जात नाही.

कोनला राहणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही. इथे भातखाचरं होती, तिथे आज मजल्यावर मजले चढले आहेत. गिरणी कामगारांसाठी २०१६ साली २,४१७ घरांची सोडत निघाली, ती इथल्याच इमारतींची. लालबाग-परळचं, घाटावरचं, उत्तरेकडचं, कुठकुठचं माणूस इथे येऊन एका जिन्यावर भेटतं. पाण्यावरून भांडतं, गणपतीत एका पंगतीला बसतं आणि मग इथलंच होऊन जातं. मुयोरावांचं खरं बळ या घरात आहे. प्रेमाचा त्रिकोण, चौकोन, पंचकोन वगैरे सगळं दाराबाहेरच्या पाटीपुरतं. आत गेलात की परक्या माणसांचं कुटुंब कसं होतं, याची ती गोष्ट आहे.

मुयोरावांना बायकांची भांडणं रंगवण्याचा भारी शौक. रियोको तोंडाची फटकळ, भिंतीतून आरपार जाणारी, छताच्या तुळईवर झोपणारी. आयेका राजघराण्यातली, शब्द तोलून मापून बोलणारी आणि राग आला की सगळी मापं विसरणारी. दोघींचं तेंचीवरून जुंपतं, हे खरं. पण थोडं थांबून पाहा. रियोको गुहेत कोंडलेली असताना बाहेर खेळणारं एक लहान पोर तिला दिसायचं. ते रडलं, पडलं, वाढलं, सगळं तिनं आतून पाहिलं. सातशे वर्षांच्या कोंडवाड्यातला तिचा तेवढाच उजेड. तिचं प्रेम तिथलं आहे. हे कळल्यावर तिच्या आरडाओरड्याला हसायला मन धजत नाही.

आयेकाचं दुःख वेगळं. तिचा सावत्रभाऊ योशो, ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं, तो रियोकोच्या पाठलागावर गेला आणि हरवला. त्याला शोधत ती आकाशगंगा तुडवत आली. आणि तो कुठे निघाला? देवळाच्या ओट्यावर चहा घेत बसलेला तेंचीचा आजोबा, तोच योशो. ती रोज ज्यांना अदबीनं नमस्कार करत होती, त्यांनाच ती शोधत होती! मुयोराव हा प्रसंग फार गाजावाजा न करता सांगतात. नाती गुंतागुंतीची आहेत आणि आपल्या पचनी पडणारी नाहीत, पण त्या क्षणी आयेकाच्या चेहऱ्यावरचं काटेकोरपण गळून पडतं आणि ती एकदम आपल्या ओळखीची होते.

वाशू हे प्रकरणच निराळं. वीस हजार वर्षांची शास्त्रज्ञ, रूप शाळकरी पोरीचं. स्वतःला विश्वातली सर्वांत बुद्धिमान समजते, आणि ते खरंही आहे. जिन्याखालच्या कपाटाचं दार उघडलं की आत तिची अफाट प्रयोगशाळा. रियोको तिचीच लेक निघते, तेव्हा तिला ‘आई’ म्हणायला लेक तयार नसते. त्या माय-लेकींची ओढाताण पाहावी. नायक चार पावलं लांब उभा आणि गोष्ट त्याच्यावाचून बिनबोभाट पुढे चाललेली. सासामीचं राज्य स्वयंपाकघरात. इतकी भांडणं होऊनही हे घर का मोडत नाही, याचं उत्तर संध्याकाळच्या पानात असतं. ती जेवायला हाक मारते आणि दरोडेखोर, राजकन्या, पोलीस सगळ्या एका पंगतीत बसतात.

कल्पनाशक्तीच्या बाबतीत मुयोराव दिलदार माणूस. जुराई लोकांची अंतराळयानं लोखंडाची नाहीत, ती झाडांपासून वाढवलेली. राजघराण्यातल्या माणसाचं आपल्या झाडाशी जन्माचं नातं. रियो-ओकी तर धमालच. एरवी मांजर आणि सशाच्या मधलं एक मऊ जनावर, आणि गरज पडली की अंतराळयान. खायला काय लागतं? गाजर. म्हणून जुराईचा होऊ घातलेला राजपुत्र टेकडीवर गाजराची शेती करतो. घाम पुसत पाट्या वाहणारा तेंची मला तलवार घेतलेल्या तेंचीपेक्षा जास्त पटतो. अद्भुताचं मूळ शेतात रुजवायची ही हातोटी मुयोरावांची मोठी कमाई आहे.

आता उणी बाजू. पाहुणा आवडता आहे म्हणून झाकून ठेवणं बरं नाही.

मुयोरावांना न्हाणीघराचा फार सोस. गोष्टीत कुठे ओढ कमी पडली की बायकांना आंघोळीला पाठवायचं, हा त्यांचा हुकमी उपाय. तेंचीचे वडील चोरून बघतात आणि मालिका त्याचा विनोद करते. हा विनोद नाही. बाईच्या खासगीपणावर टपलेल्या नजरेला हसून सोडून द्यायची ती सवय आहे, आणि ती मुयोरावांकडून त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी भक्तिभावानं उचलली. २००० साली अमेरिकेतल्या कार्टून वाहिनीनं मालिका दाखवली, तेव्हा उघड्या अंगांवर कपडे रंगवून घेतले. कपडे रंगवून नजर बदलत नाही. गंमत अशी, की ते प्रसंग सगळे वगळले तरी गोष्टीचं एक पानही हरवत नाही. ज्याच्याशिवाय अडत नाही, त्याचा एवढा हव्यास कशाला?

दुसरी खोड आत्मप्रेमाची. मुयोरावांना आपलं चरित्र पुन्हा पुन्हा, दर वेळी निराळं सांगायला आवडतं. १९९५ साली दूरचित्रवाणीसाठी २६ भाग केले, त्यात माणसं तीच आणि नशीब वेगळं. १९९७ साली तेंचीला टोकियोला शिकायला पाठवून आणखी २६ भाग. मधल्या काळात चित्रपट. मूळ गोष्ट १९९५ला थांबली ती थेट २००३ला पुढे सरकली, पुन्हा थांबली, पुन्हा २०१६ला उठली. एका चरित्रातलं दुसऱ्यात चालत नाही. नवख्या माणसाचा पार गोंधळ उडतो. वय वाढलं तसं बोलणंही वाढलं: पहिल्या सहा भागांत जे एका नजरेत कळत होतं, ते नंतरच्या भागांत वंशावळी उलगडून तासन्‌तास समजावून देतात.

आणि सर्वांत मोठा दोष. या घरात निर्णय होत नाही. तेंची चांगला आहे, कष्टाळू आहे, कुणाचं मन दुखवत नाही, आणि त्या न दुखवण्यापायी कुणालाच उत्तर देत नाही. रियोको वाट बघते, आयेका वाट बघते. मूळ गोष्टीच्या २००३च्या खेपेत पेच सुटेल म्हणून बघावं, तर आजोबांच्या राजघराण्याकडून नोइके नावाची आणखी एक वधू दारात हजर! उत्तर येत नाही म्हणून प्रश्न वाढवायचा, ही हारेम गोष्टींची जुनी पळवाट, आणि ती मुयोरावांनी चांगली रुंद करून ठेवली. पुढे याच वाटेनं ज्या शेकडो मालिका आल्या, त्यांत नायकाला चेहरा उरला नाही आणि मुलींना फक्त केसांचे रंग उरले.

एकदा श्रावणात शेजारच्या आजी नवनाथांची पोथी वाचून उठल्या आणि आमच्याकडे आल्या. पडद्यावर मुयोराव चालू होते. आजी थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “अरे, हा तर मच्छिंद्रनाथ झाला की! आणि ह्याचा गोरख कधी यायचा?”

जपानी मालिकेवर इतकं नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. धुंडिसुत मालूंचा ‘नवनाथ भक्तिसार’, चाळीस अध्यायांचा, शके १७४१ म्हणजे १८१९ सालचा. त्यात स्त्रीराज्याची कथा आहे. जिथे पुरुषाला थारा नाही अशा राज्यात मारुतीच्या शब्दाखातर मच्छिंद्रनाथ जातात, राणी मैनाकिनीबरोबर राहतात, मीननाथ हा मुलगा होतो आणि नाथांना परतीची वाट आठवत नाही. प्रभातनं १९३२ साली यावरच ‘माया मच्छिंद्र’ काढला. दिग्दर्शन शांतारामबापूंचं, गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ, दुर्गाबाई खोटे राणी आणि विनायक गोरखनाथ. अद्भुत, ऐश्वर्य, बायकांचं राज्य, सगळा मालमसाला आपल्याकडे जपानच्या साठ वर्षं आधी पडद्यावर आला होता.

पण आपल्या कथेला शेवट माहीत आहे. शिष्य गोरख येतो. कलिंगा नर्तकीच्या ताफ्यात शिरून दरबारात मृदंग वाजवतो, आणि त्या मृदंगातून गुरूला हाक ऐकू येते, गोरख आलाय, चला आता. गुरूच्या झोळीतली सोन्याची वीटही तो वाटेत फेकून देतो. सुखात बसलेल्या माणसाला कुणीतरी उठवावं लागतं, हे आपल्या कथेनं ओळखलं. मुयोरावांनी तेवढं ओळखलं नाही, म्हणून ते तीस वर्षं त्याच ओसरीवर बसून आहेत, असं मी धरून चाललो होतो.

मग १९९९चा ‘तेंची’ चित्रपट पाहिला. ‘तेंची फॉरेव्हर’ या नावानं तो जगभर गेला. दूरचित्रवाणीवरच्या १९९५च्या गोष्टीचा तो शेवट. रियोको-आयेकाच्या भांडणाला कंटाळून तेंची रानात जातो आणि एका जुन्या झाडाखालून नाहीसा होतो. हारुना नावाची एक बाई, आजोबांची फार पूर्वी दुरावलेली प्रिया, त्याला आपल्या मायेच्या जगात ठेवून घेते. तो तिथे चित्रं काढतो, सुखात असतो, घर विसरलेला असतो. हुबेहूब स्त्रीराज्य! आणि सहा महिने शहरात राबून, नोकऱ्या करून, रोज त्याचा माग काढणाऱ्या कोण? रियोको आणि आयेका. जन्माच्या वैरिणी, एका खोलीत राहणाऱ्या. त्याच जाऊन त्याला उठवतात.

आजींना उत्तर मिळालं. मुयोरावांचा गोरख घरातच होता, आणि तो एक नव्हता, दोन होत्या.

तिथे मला आपल्या कथेकडेही पुन्हा बघावं लागलं. गुरु-शिष्य निघून जातात. पोथी त्यांच्या पावलांमागून गर्भगिरीच्या वाटेला लागते. मैनाकिनीचं पुढे काय झालं, हे किती जणांना आठवतं? आमच्या आजींनाही चटकन आठवेना. आपल्या कथेत पुरुष जागा होतो आणि बाई मागे राहते. मुयोरावांच्या कथेत पुरुष जागा व्हायला फार वेळ लावतो, पण बायका मागे राहत नाहीत. त्यांना स्वतःची यानं आहेत, शास्त्र आहे, आया-बहिणी आहेत, आणि नायक हरवला तर शोधून आणायची हिंमत आहे. एकाला शेवट कळला, दुसऱ्याला बाई कळली. दोघांनी एकमेकांच्या घरी जेवायला जायला हवं.

तर असे आमचे मुयोराव. घर उभारण्यात अव्वल, निसर्गाशी इमानी, बायकांना स्वभाव देण्यात उदार. न्हाणीघरापाशी पोरकट, बोलण्यात पाल्हाळिक आणि निर्णयाच्या वेळी कच्चे. तरीही मी त्यांना हारेम गोष्टींतला सर्वांत सज्जन माणूस म्हणेन.

भेटायचं असेल तर सुरुवात १९९२च्या सहा भागांनी करा. आवडले तर १९९५चे २६ भाग बघा आणि शेवटी १९९९चा चित्रपट. बाकीच्या चरित्रांची घाई नको. मालिका लहान मुलांची नाही. घरात सोळा-सतरा वर्षांचं कुणी असली ॲनिमे बघत असेल, तर मोबाइल हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा, एक भाग सोबत बघा आणि दोनच प्रश्न विचारा: यातल्या मुलींना मुलाशिवाय स्वतःचं काही आहे का? आणि या मुलाला उठवणारं कुणी आहे का? ज्या गोष्टीत दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, ती खुशाल बघू द्या.